गिरणी बंद झाल्यावरची शांतता

'ताई, नमस्कार. मी २३ वर्षांचा आहे. मूळचा लातूर जिल्ह्यातला, पुण्यात नोकरी करतो. माझी गर्लफ्रेंड एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. आमच्या नात्याला दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी तिने दोन तास फोन उचलला नाही. मी तडक गाडी काढून तिच्या हॉस्टेलपाशी गेलो. ती प्रोजेक्टचं काम आटोपून मैत्रिणींबरोबर येत होती. मी तिला मारलं नाही, फक्त मनगट धरलं. पण इतकं घट्ट की तिच्या हातातला मोबाइल पडून स्क्रीन फुटली आणि मनगटावर चार बोटं उमटली. ती रडायला लागली तेव्हा मी भानावर आलो. नंतर पार्किंगमध्ये बसून मी तिला पहिल्यांदाच माझ्या वडिलांबद्दल सगळं सांगितलं.

आमची पिठाची गिरणी होती, घराला लागूनच. वडील गिरणीच्या जुन्या पट्ट्याने मारायचे, मलाही आणि आईलाही. रात्री गिरणीचा आवाज बंद झाला की मी आणि धाकटी बहीण चिडीचूप व्हायचो, कारण आता ते घरात येणार. शेजारच्या काकू तेवढ्या वेळापुरतं त्यांचं मागचं दार उघडं ठेवायच्या. हे सांगताना मी खूप रडलो. तिने मला जवळ घेतलं, माफ केलं. पण पुढचे आठ-दहा दिवस ती भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालत होती आणि मला तेव्हापासून झोप नाही. आधीही मी तिच्यावर ओरडलोय, एकदा भिंतीवर बुक्की मारली होती. तिच्या फोनचा पासवर्ड माझ्याकडे आहे, पण तो तिनेच दिलाय. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "तिने फोन उचलायला हवा होता ना दादा. आणि तू काय मारलंस थोडंच?" आमच्याकडे म्हणतात, खाण तशी माती. हे माझ्या रक्तातच आहे का? मी तिला सोडून द्यावं का, की लग्न झाल्यावर हे आपोआप थांबेल?'

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळले. 'फक्त'. मारलं नाही, फक्त मनगट धरलं. बाकी पत्र तू इतकं प्रामाणिकपणे लिहिलंयस की हा एक शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो. तो आधी काढून टाक. चार बोटं उमटतील इतक्या जोराने कुणाचं मनगट धरणं ही मारहाणच आहे. तिच्यावर ओरडणं, तिच्यासमोर भिंतीवर बुक्की मारणं हेही त्याच रांगेतलं. भिंतीला काय लागणार? पण बघणाऱ्याला बरोबर कळतं, की आज भिंत आहे, उद्या मी असेन. हे तुला मी समजावून सांगायला नको. पट्टा नुसता खुंटीवर टांगलेला असला तरी तुझी पाठ आखडत असेल.

आणि तो पासवर्ड. 'तिनेच दिलाय' म्हणतोस. कोणत्या दिवशी दिला ते आठव. एखादं भांडण मिटावं म्हणून दिला असेल, 'तुझा माझ्यावर विश्वासच नाही' या वाक्याला उत्तर म्हणून दिला असेल, तर तो तू काढून घेतला आहेस.

एवढं कडक बोलले, आता दुसरंही सांगते. या विषयावर मला पत्रं येतात ती जवळजवळ सगळी मुलींची. 'तो एरवी खूप चांगला आहे, ताई' अशी त्यांची सुरुवात असते. ज्याने मनगट धरलं त्याने स्वतः कागद घेऊन बसावं, आपल्याच चार बोटांचं वर्णन करावं, असं फार क्वचित घडतं. तू ते केलंस. तुझी झोप उडाली याचं मला वाईट वाटत नाही. ती उडायलाच हवी होती.

आता रक्ताचा प्रश्न.

लहानपणी खाल्लेला मार आणि तरुणपणी जोडीदारावर उठणारा हात यांचा संबंध खरा आहे, तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ५४३ मुलांचा वीस वर्षं मागोवा घेऊन मिरियम एरेनसाफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. आईवडिलांमधली मारहाण पाहत वाढलेली आणि धाकाने, माराने शिस्त लावलेली मुलं मोठेपणी जोडीदाराला मारण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. कॅनडातल्या ओंटारिओत डेव्हिड वुल्फ यांनी शाळकरी मुलामुलींकडे पाहिलं, तेव्हा घरी छळ सोसलेल्या मुलांमध्ये मैत्रिणीला धमकावण्याचं प्रमाण त्याच वयात जास्त आढळलं. म्हणजे लग्न व्हायची, संसाराचा ताण यायची वाट पाहावी लागत नाही. पहिल्यावहिल्या प्रेमातच हे डोकं वर काढतं.

पण आता हेही बघ. आपल्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालछळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही, आणि १२,४४७ मुलं. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्लेला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. खाण तशी माती हा जर नियम असता, तर या देशात प्रेम करणाऱ्या दर तिघांतले दोघे आज एकमेकांची मनगटं पिरगाळत असते. तसं नाही.

कॅथी विडम या संशोधक बाईंनी १९८९ मध्ये दिलेला हिशेब मी समुपदेशनाला आलेल्या अनेक मुलांना सांगत आले आहे. ज्यांचा छळ किंवा हेळसांड कोर्टात सिद्ध झाली होती अशी ९०८ मुलं त्यांनी घेतली आणि तशाच परिस्थितीतली, पण असं काही नोंद नसलेली ६६७ मुलं घेतली. ती मोठी झाल्यावर हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे ११ टक्के निघालं, दुसऱ्यात ८. फरक आहे. पण पहिल्या गटातही शंभरातल्या एकोणनव्वद जणांच्या नावावर तसा गुन्हा नव्हता. मनगट धरल्याची नोंद पोलिसांच्या वहीत सहसा होत नाही, त्यामुळे या आकड्यांवर मी फार भार टाकणार नाही. पण आईबाप झाल्यावरचं पाहणाऱ्या कॉफमन आणि झिग्लर यांनीही १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून असाच अंदाज दिला होता. छळ सोसलेल्या आईबापांपैकी साधारण ३० टक्के आपल्या मुलांना तसंच वागवतात. उरलेले ७० टक्के तसं करत नाहीत, आणि त्यांच्याविषयी आपण कधी बोलतच नाही.

तुझ्याच घरात बघ ना. तू आणि तुझी बहीण एकाच खाणीतले. रक्त तेच, पट्टा तोच, ती शांतताही तीच. तू हात उगारायला शिकलास आणि ती 'फोन उचलायला हवा होता' म्हणायला शिकली. रक्ताचा प्रश्न असता तर दोघांचं एकच झालं असतं. तुम्ही दोघांनी एकच धडा दोन बाजूंनी पाठ केलाय, की प्रेमाच्या माणसाला दुखवलं तर चालतं. पाठ केलेलं विसरता येतं. वेळ लागतो, दुसऱ्या कुणाची मदत लागते, पण येतं.

'आम्ही काय कमी मार खाल्ला? आमचं काय वाईट झालं?' असं माझ्या पिढीतली माणसं छाती पुढे काढून म्हणतात. मी ५६ वर्षांची आहे. आमच्या शाळेत एक बाई पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायच्या. आजही कुणी टेबलावर पट्टी आपटली की माझी बोटं आपोआप मुठीत जातात. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि बोटांना अजून पाठ आहे. काही वाईट झालं नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपापल्या बोटांकडे बघावं.

तुझ्या पत्रात शांतता दोनदा आलीय. तुझ्या लक्षात आलं का? एकदा गिरणी बंद झाल्यावरची, आणि एकदा तिने दोन तास फोन उचलला नाही तेव्हाची.

दुसऱ्या कुठल्याही घरात गिरणी थांबली की बरं वाटलं असतं. आता बाबा जेवायला येणार. तुमच्या घरात आवाज थांबणं हीच धोक्याची घंटा होती. रोज रात्री, किती वर्षं? तुझ्या शरीराने त्यातून एकच अर्थ काढला, की समोरून आवाज येत नाही म्हणजे काहीतरी वाईट येतंय. केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या ३०९ मुलांचा असाच अभ्यास केला होता, तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांपुढे असे प्रसंग ठेवले, ज्यांत कुणामुळे तरी नुकसान होतं, पण ते मुद्दाम केलं की चुकून झालं हे स्पष्ट नसतं. घरी मार खाणाऱ्या मुलांना तिथे 'मुद्दाम केलं' असं जास्त वाटत होतं, आणि अशी मुलं बालवाडीत जास्त मारकी निघाली. सेथ पोलॅक यांनी मुलांना धूसर चेहरे दाखवले, जे हळूहळू स्पष्ट होत जात. मार खाल्लेल्या मुलांनी राग इतरांपेक्षा लवकर ओळखला. चेहरा अर्धवटच दिसत असताना. मला हे वाचून फार गलबललं होतं. ते लेकरू हुशार होतं, त्याला जगायचं होतं, म्हणून ते शिकलं. पण मोठेपणी त्याच डोळ्यांनी बघितलं की जिथे राग नाही तिथेही राग दिसतो, आणि जिथे नुसतं प्रोजेक्ट चाललंय तिथे दगा दिसतो.

म्हणून माझा अंदाज आहे की त्या संध्याकाळी तुला आधी राग आलाच नसणार. आधी भीती आली. पोटात गोळा आला असेल, तोच जुना. गाडीला किक मारल्यापासून हॉस्टेलच्या फाटकापर्यंत जो वेळ गेला, त्यात तू डोक्यात काय काय बोललास ते मला हवं आहे. 'मला किंमतच नाही.' 'कुणाबरोबर असेल?' 'आता दाखवतोच.' भीतीचा राग त्या रस्त्यावर झाला. एका कागदावर तो सगळा रस्ता लिहून काढ, सिग्नलसकट. कुठल्या वळणावर तू काय म्हणालास ते. समुपदेशकाकडे जाशील तेव्हा हाच कागद घेऊन जा.

पण एक प्रश्न तुला चुकवता येणार नाही. साहेबांनी दोन तास फोन उचलला नाही तर तू त्यांचं मनगट धरतोस का? तेव्हाही पोटात गोळा येत असेल. तरी हात खिशात राहतो. याचा अर्थ तुझं भान पूर्ण सुटत नाही. कुणासमोर सोडायचं हे तुझा हात ठरवतो. तुझे वडीलही दळण घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला पट्ट्याने मारत नसणार. लहानपणाने तुला भीती दिली, ती तुझी चूक नाही. त्या भीतीचं ओझं तिच्या मनगटावर टाकलंस, ती मात्र तुझीच.

आता ते पार्किंग. क्रम कसा होता बघ. तू तिला दुखवलंस. ती रडली. मग तू वडिलांची गोष्ट सांगितलीस आणि तू रडलास. मग तिने तुला जवळ घेतलं. दहा मिनिटांपूर्वी जिच्या हातावर वळ उठले, तीच तुझे डोळे पुसत होती. तिच्या हाताला बर्फ कुणी लावला? तू खोटं रडलास असं मी म्हणत नाही. ती गोष्ट सांगणं तुझ्यासाठी किती अवघड होतं ते मला कळतं. पण ती चुकीच्या वेळी सांगितली गेली. त्या क्षणी ती गोष्ट माफीचा अर्ज झाली, आणि असा अर्ज कोणती प्रेमळ मुलगी फेटाळेल? हे पुन्हा घडलं, तर आधी मार आणि मग लहानपणाच्या आठवणी असं चाकच सुरू होईल. तुझी आईही बाबांबद्दल कधीतरी म्हणाली असेल, 'त्यांनी तरी लहानपणी काय भोगलं, तुम्हाला काय माहीत.'

म्हणून तिच्याशी एकदा नीट बोल. लोक असतील अशा ठिकाणी, दिवसा, तिच्या सोयीने. रडू नकोस. येत असेल तर आधी मित्राकडे जाऊन रडून ये. तिला सांग, की मी तुझं मनगट धरलं ती मारहाण होती. त्यात तुझी काही चूक नव्हती, फोन न उचलणं ही चूक नाहीच. तू हे तुझ्या मैत्रिणींना, आईला, ज्यांना वाटेल त्यांना सांगू शकतेस, मी अडवणार नाही आणि 'का सांगितलंस' असं विचारणारही नाही. स्क्रीनचे पैसे दे. मग गप्प बस आणि ती जे म्हणेल ते ऐक. तिने काहीच म्हटलं नाही तर ती शांतता सोस. तुला ते सगळ्यांत जड जाईल, मला कल्पना आहे.

'सोडून देऊ का' असं विचारलंस. यात तिलाही मत आहे, हे तुझ्या प्रश्नात कुठे दिसलं नाही. तुला वाटत असेल की आपण अजून हात आवरू शकत नाही, तर थोडे महिने भेटणं थांबवणं तिच्यासाठी सुरक्षित आहे, आणि तसं तिला सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. ती म्हणाली 'मला हे नातं नको', तर तिथे विषय संपला. मग हॉस्टेलखाली उभं राहणं नाही, मित्रांकरवी निरोप नाही, नवीन नंबरावरून मेसेज नाही. नको म्हणूनही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, तिच्या फोन-मेसेजवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीने थांबू नकोस, तिला श्वास घेता यावा म्हणून थांब. आणि 'तू गेलीस तर मी जीव देईन' हे वाक्य कधीही, कोणत्याही सुरात तिच्यापुढे उच्चारू नकोस. तेही मनगट धरणंच आहे. तसे विचार खरोखर मनात आले तर त्या क्षणी १४४१६ हा नंबर फिरव. ती केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

लग्नाने थांबेल का? नाही. याला मी दुसरी ओळ जोडणार नाही. सध्या लग्नाचा विषयसुद्धा काढू नकोस.

तिला भीती वाटली तर तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. हे नंबर मी तुझ्या पत्राच्या उत्तरात मुद्दाम लिहितेय. हे सदर ती वाचत असेल, किंवा तिच्यासारखी दुसरी कुणी.

मदत कुणाची घ्यायची? समुपदेशकाची, आणि तीही तू एकट्याने. दोघांनी मिळून कपल काउन्सेलिंगला जाऊ असं सध्या म्हणू नकोस. जिला मार बसलाय तिला मारणाऱ्याशेजारी बसून मोकळं बोलता येत नाही, आणि परत जाताना तर गाडीवर तुझ्याच मागे बसायचं असतं. जिल्हा रुग्णालयात, सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे थोडक्या पैशांत काम होतं. पहिल्या भेटीत 'मला राग येतो' एवढंच सांगू नकोस. नुसत्या रागाचं म्हटलं तर दहा आकडे मोजा, थंड पाणी प्या, असं सांगून बोळवण होण्याची शक्यता असते. 'मी माझ्या मैत्रिणीला इजा केली आणि माझ्या घरी मला आणि आईला मार होता' असं स्पष्ट सांग. दोन्ही वाक्यं एकत्र, याच क्रमाने.

हे शिकवता येतं याला आधार आहे. मी वुल्फ यांचं नाव वर घेतलं. त्यांनी कॅनडात घरी छळ सोसलेल्या १४ ते १६ वयाच्या १५८ मुलामुलींबरोबर काम केलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला अठरा बैठकांचं प्रशिक्षण मिळालं. चांगलं नातं आणि छळाचं नातं यांतला फरक कसा ओळखायचा, भांडण चाललेलं असताना काय बोलायचं, आपल्या गावात मदत कुठे मिळते ती स्वतः जाऊन कशी शोधायची, अशा साध्या गोष्टी. पुढे या गटातली मारहाण आणि मानसिक छळ दुसऱ्या गटापेक्षा कमी झाला. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुणाचंही रक्त बदललं नव्हतं. चुलीवरचं दूध उतू जायच्या आधी कसं दिसतं हे त्यांना कुणीतरी शेजारी बसून दाखवलं होतं.

तुझं दूध कधी वर येतं ते तूच शोध. काहींचे कान तापतात, काहींचा जबडा आवळतो. एक मुलगा मला म्हणाला होता, 'बाई, माझ्या पायाची बोटं बुटात मुडपतात.' ती खूण दिसली की तिला म्हण, 'मी आत्ता चिडलोय, उद्या सकाळी बोलू,' आणि निघून जा. तिच्या दिशेने नव्हे. हे मी करणार आहे असं तिला आधीच, चांगल्या वेळी सांगून ठेव, म्हणजे तुझं निघून जाणं तिला शिक्षा वाटणार नाही. फोन एकदाच करायचा. उचलला नाही तर 'वेळ मिळाला की कर' एवढा मेसेज. मग एखाद्या मित्राला गाठ. त्या मित्राला आधी खरं काय ते सांगितलेलं असू दे, म्हणजे तो तुझीच री ओढणार नाही.

बहिणीबद्दल मला तुझ्याइतकीच काळजी वाटते. एरेनसाफ्ट यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. आईवडिलांमधली मारहाण पाहिलेली असणं, हाच पुढे जोडीदाराचा मार खाण्यामागचा सगळ्यांत मोठा धोका निघाला. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीतही तेच दिसलं. ज्या बायकांनी आपल्या आईला वडिलांचा मार खाताना पाहिलं होतं त्यांच्यापैकी ६० टक्के स्वतः नवऱ्याच्या हिंसेला सामोऱ्या गेल्या होत्या. ज्यांच्या आईने मार खाल्ला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होतं. तुझी बहीण म्हणाली, 'तू काय मारलंस थोडंच?' ती तुझी बाजू घेत होती असं तुला वाटलं. मला वाटलं, उद्या तिचं मनगट कुणी धरलं तर ती स्वतःला हेच सांगेल. कदाचित आत्ताही सांगत असेल. तिला फोन कर. तिच्या आयुष्यात कुणी आहे का अशी उलटतपासणी घेऊ नकोस, दादागिरी तर नकोच. तिला एवढंच म्हण, 'त्या दिवशी तू माझी बाजू घेतलीस, पण मी चुकलो होतो. तुझ्याशी कुणी असं वागलं तर त्याला असंच चूक म्हण.' मारणाऱ्या भावाच्या तोंडून हे ऐकणं माझ्या दहा लेखांपेक्षा तिच्या जास्त कामी येईल.

वडिलांना जाब विचारायचा की माफ करायचं, हे तू विचारलेलं नाहीस. मीही घाई करणार नाही. ते काम समुपदेशकाबरोबर, सावकाश, वर्षभराने झालं तरी चालेल.

पत्रातल्या एका माणसाविषयी मात्र बोलायचं राहिलं. त्या काकू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बायरन एगेलँड आणि सहकाऱ्यांनी लहानपणी छळ सोसलेल्या आयांचा अभ्यास केला, १९८८ मध्ये. त्यांतल्या ज्यांनी आपल्या मुलांवर हात टाकला नाही त्यांच्याबाबत काही गोष्टी वेगळ्या होत्या. पुढे कधीतरी मानसोपचाराची मदत मिळालेली, बरा जोडीदार मिळालेला, आणि लहानपणी मायेचं, न मारणारं एक तरी मोठं माणूस आसपास असलेलं. तुझ्या आयुष्यात ते माणूस होतं. गिरणी थांबली की ती बाई उठून मागच्या दाराची कडी काढायची. तुझ्या वडिलांशी भांडण्याची तिची ताकद नसेल, पण कडी काढण्याची होती. म्हणजे शांतता झाली की काय करायचं, याचं दुसरं उत्तरही तू लहानपणीच पाहिलंयस. पुढच्या वेळी गावाकडे जाशील तेव्हा त्यांच्याकडे जा. त्यांना आठवतंय का विचार. जमलं तर विचार, की तेव्हा तुम्हाला भीती वाटत नव्हती का.

गावाला जायला सुट्टी मिळेल तेव्हा मिळेल. पासवर्डचं काम आजच कर. तिला मेसेज टाक, 'तुझा पासवर्ड बदल आणि नवा मला सांगू नकोस.' त्याखाली दुसरं काही लिहू नकोस, आणि तिचं उत्तर आलं का म्हणून रात्री फोन बघत बसू नकोस.

तुझी,
ताई